न चाखता केलेला पाक

"ती पोरगीना तोंडमा जीभ शे का नही, काकीसा?"

मी जिन्यात होते, हातात ओल्या कपड्यांची बादली. खाली स्वयंपाकघरात डेअरीवाल्या निर्मलाबाई दुधाची किटली रिकामी करता करता विचारत होत्या. ती पोरगी म्हणजे मी, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. त्या घरात भाड्याने राहायला येऊन मला अठरा दिवस झाले होते आणि अठरा दिवसांत मी निर्मलाबाईंशी दोनदा बोलले होते. दोन्ही वेळा "हो" एवढंच.

"जीभ आहे ने," काकीसा म्हणाल्या. "आवाज नाही. मला जीभच पाहिजे."

मग जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पळीचा एक ठोका पडला. एक ठोका म्हणजे खाली ये. दोन म्हणजे नळाला पाणी आलं. तीन म्हणजे तुला भेटायला कोणी आलंय. हे तीन ठोके मी तिथे राहिले त्या दोन वर्षांत कधी ऐकले नाहीत, पण नियम पहिल्याच दिवशी सांगून झाला होता. मी बादली पायरीवर ठेवून खाली गेले. काकीसांनी माझ्या हातावर एक चमचा टेकवला. त्यात काळपट, दाट, चकाकणारं काहीतरी होतं.

"चाख. आणि बोल."

मी चाखलं. आधी कॉफी आली, मग जळता जळता राहिलेल्या साखरेचा खमंगपणा, मग साय, आणि सगळं गिळून झाल्यावर मिठाची एक बारीक कणी. नाशिकच्या एका कॅफेत मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी असलं काहीतरी आइस्क्रीमवर खाल्लं होतं. ते याच्यापुढे रंगीत पाणी होतं. खापरसारख्या गावात, जिथे बाजारात कॉफी मागितली तर दुकानदार एक रुपयावाली पुडी पुढे करतो, तिथे हे कुठून आलं, मला समजेना.

"छान आहे," मी म्हणाले.

काकीसांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला. "छान हा रुमाल आहे बेटा. तोंड पुसायला असतो. मी चव विचारली."

काकीसा म्हणजे माझ्या घरमालकीण. त्यांचं जैन घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन खापरला कापडाच्या धंद्यात स्थिरावलेलं. सगळं गाव त्यांना काकीसा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. साठी ओलांडलेली, माझ्या खांद्याएवढी बाई. चालायची भराभर, पण पायाखाली बघून, मुंगी चिरडू नये म्हणून. सूर्य मावळल्यावर त्या पाण्याचा थेंबही घेत नसत. दिवसा पाणी प्यायच्या ते उकळून, गाळून, आणि ते गाळायचं फडकं त्यांच्याशिवाय कोणी पिळायचं नाही. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये काम करत होते. नळीवर चिठ्ठी लावायची, यंत्रात ठेवायची, आकडा उतरवून घ्यायचा. मला ते काम आवडायचं, कारण रक्त काही विचारत नाही.

त्या काळ्या पदार्थाला मी मनात कॉफी सॉस म्हणत असे. एकदा तोंडून तो शब्द निघून गेला तर काकीसा म्हणाल्या, "सॉस टोमॅटोचा असतो. हा पाक आहे." गावात त्याचं नाव काळा पाक. संचा आइस्क्रीम, म्हणजे लाकडी बादलीत बर्फ-मीठ घालून हाताने फिरवलेलं, त्यावर तो ओतायचा. विकत मिळायचा नाही आणि मागून तर मुळीच नाही. कोणाला द्यायचा ते काकीसा ठरवायच्या, आणि माणूस बघून पाक करायच्या. अक्कलकुव्याच्या एका बस कंडक्टरने त्यांच्यासाठी दोन मिनिटं गाडी थांबवली होती, त्याला बाटली मिळाली. त्यांच्या पुतण्याने वाढदिवसाला मागितली, त्याला नाही मिळाली. लबाड माणसाला गोड पाक, सरळ माणसाला कडवट. "खरं बोलणाऱ्याला कडू पचतं," त्या म्हणायच्या. मला पहिली बाटली मिळाली ती इतकी गोड होती की मी बरेच दिवस त्यावर विचार करत राहिले.

काकीसा स्वतः मात्र तो पाक कधीच चाखत नसत. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला वाटलं होतं, त्यांना साखर असेल. लॅबमध्ये काम करणाऱ्याला सगळीकडे साखरच दिसते. मग एकदा, निर्मलाबाई शेजारी बसलेल्या असताना, त्यांनी आपण होऊन सांगितलं.

त्यांचं माहेरही मारवाडी, पण कर्नाटकातलं, हासनजवळचं. वडिलांचं किराणा दुकान आणि दुकानात कॉफी दळायची चक्की. काकीसा म्हणे चालायच्या आधी कॉफी प्यायला शिकल्या. लग्न होऊन खापरला आल्या तेव्हा ट्रंकेत पितळेचा फिल्टर होता. सासूने तो उघडून, आतली भोकांची चाळणी बघून विचारलं, "हा कोणत्या देवाचा?" घरात सगळे चहा पिणारे. नव्या सुनेने एकटीने कॉफी करून प्यायची ती मागच्या ओसरीत, पाठ फिरवून. ती त्यांची दिवसातली एकमेव स्वतःची गोष्ट होती.

मग एका चातुर्मासाआधी पायी विहार करत आलेले एक महाराजसाहेब गावात चार दिवस थांबले. त्यांनी सगळ्यांना एकेक वस्तू आयुष्यभरासाठी सोडायला सांगितलं. काकासांनी, म्हणजे काकीसांच्या मिस्टरांनी, फणस सोडला. खापरमध्ये फणस कोणी पाहिलेला नव्हता. जाऊबाईंनी अननस सोडला. एका मामांनी बर्फाचा गोळा सोडला, त्यांना दातच नव्हते.

"महाराजसाहेब म्हणाले, जे सोडताना हात थरथरेल ते सोडा," काकीसा म्हणाल्या. "माझा हात तेव्हा कपावरच होता."

"मंग?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"मग काय. कप खाली ठेवला."

त्याला आता वीसेक वर्षं झाली होती. पण हासनहून त्यांचे थोरले भाऊ दरवर्षी कॉफीची पिशवी पाठवायचे, ती येतच राहिली. भावाला काकीसांनी नियमाबद्दल कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पिशवी थांबली असती, आणि माहेराहून येणारी ती एकच वस्तू उरली होती. म्हणून त्यांनी पाक शोधून काढला. पिणं सोडलं होतं, करणं कुठे सोडलं होतं. भाऊ फोनवर विचारायचे, यंदाची कॉफी कशी होती? काकीसा सांगायच्या, "लोकांनी वाट्या चाटल्या." हे खरं असायचं. मी त्यांचे ते फोन ऐकले आहेत. आडून बोलायच्या, पण खोटं एकदाही नाही.

"एक थेंब चाटी ल्या ना," निर्मलाबाई म्हणाल्या. "आठे कोन देखी ऱ्हायनं?"

"मी बघते आहे ने," काकीसा म्हणाल्या, आणि भांडं घासायला घेतलं.

आधी चाखायचं काम काकासांचं होतं. ते गेल्यावर तीन वर्षं पाक झाला नाही. पिशव्या आल्या तशा काकीसांनी हायवेवरच्या एका इडलीवाल्याला देऊन टाकल्या. निर्मलाबाईंना विचारून पाहिलं होतं, पण त्या स्वतःच म्हणाल्या, "मन्ही जीभ तं तंबाखूनी खाई टाकी." मग वरच्या खोलीत मी आले. मी तिखट खात नव्हते, पान-सुपारी खात नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. अठरा दिवस त्यांनी माझ्यावर नजर ठेवली होती, आणि मला वाटत होतं की बघणारी मी एकटीच आहे.

न चाखता पाक कसा होतो, ते मी दोन वर्षं जवळून पाहिलं आणि अजूनही मला ते पूर्ण उमगलेलं नाही.

त्यांच्या कॉफीत चिकोरी नसायची. हासनकडच्या कॉफीत चिकोरी घालतात, त्याने दाटपणा येतो. पण चिकोरी म्हणजे मुळी, आणि मुळी म्हणजे कंदमूळ. मी एकदा धीर करून विचारलं होतं की सुंठ कशी चालते मग, हळद कशी चालते. "सुंठ औषध आहे," त्या म्हणाल्या. "चिकोरी लबाडी आहे." त्यामुळे त्यांचा कॉफीचा काढा पातळ आणि उग्र निघायचा, आणि पाकाला अंग यायचं ते सगळं साखरेतून. जाड बुडाच्या पातेल्यात नुसती कोरडी साखर. पाणी नाही, तूप नाही. मंद आच. कडेची साखर आधी विरघळायची, मग मधली. रंग फिका, मग पिवळा, मग रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांसारखा. तिथे यायचा तो क्षण. एक श्वास आधी काढा ओतला तर पाक नुसता गोड, एक श्वास उशीर झाला तर करपट.

त्या क्षणाला काकीसा पातेल्यात बघतच नसत. डोळे मिटून, मान जराशी कलती करून उभ्या राहायच्या. "साखर बोलते," त्या म्हणायच्या. "आधी बडबडते. मग कुजबुजते. मग गप्प होते. ती गप्प झाली की नाकाने बघायचं, आणि वास खमंग असतानाच हात चालवायचा." आणि गरम काढ्याची धार पडायची. पातेलं असं गर्जायचं की मी दर वेळी मागे सरकत असे. वाफ छताला लागायची. काकीसा त्या वाफेत उभ्या, हात हलत असलेला. साय आणि मिठाची चिमूट अगदी शेवटी.

मी लॅबवाली. मला आकडा लागतो. मी दोनशे अंशांपर्यंतचं एक थर्मामीटर ऑनलाइन मागवलं आणि न सांगता पातेल्याच्या कडेला अडकवलं. काकीसांनी ते पाहिलं. फक्त चुलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, खिडकीकडे तोंड करून. मला म्हणाल्या, मी सांगेन तेव्हा तू ओत. साखर तडतडली, कुजबुजली, गप्प झाली. "आता," त्या म्हणाल्या. मी काटा ज्या रेघेवर होता ती लक्षात ठेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठ करून, पुन्हा "आता." तीच रेघ. तिसऱ्यांदा आच मी मुद्दाम मोठी ठेवली होती. तरी तीच रेघ.

मी थर्मामीटर त्यांच्यासमोर धरून दाखवलं. त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हुशार आहे तुझा काटा," काकीसा म्हणाल्या. "माझ्याकडे बघून चालतो."

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा वाट्यांचा. कोणाकडे कार्य असलं आणि काळा पाक जायचा असला, तर सोबत वाट्या काकीसांच्याच जायच्या, स्टीलच्या, बुडाला नाव कोरलेल्या, आणि न विसळता परत यायच्या. ही अट होती. लोक हसायचे. काकीसा त्या उष्ट्या वाट्या मागच्या ओसरीत एका ओळीत मांडायच्या आणि बसून एकेक बघायच्या, जशी मी लॅबमध्ये काचपट्टी बघते तशी. बोटाने पुसून खाल्लेली वाटी वेगळी, चमच्याने खरवडलेली वेगळी, दोन घासांनंतर सोडलेली वेगळी. "तोंडं छान म्हणतात," त्या सांगायच्या. "वाटीला बोलता येत नाही, म्हणून ती खरं सांगते."

आणि मला त्या शब्द शिकवायच्या. मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी बोलायचो, पण चवीसाठी माझ्याकडे मराठीत दोनच शब्द होते, छान आणि बरं. काकीसांची स्वतःची मराठी मारवाडी, गुजराती आणि खापरच्या बाजाराने मिळून बनवलेली, तरी चवींची त्यांच्याकडे पूर्ण यादी होती. तुरट. उग्र. खमंग. मचूळ. जड. त्यांनी एक कॉफीचा दाणा मला चावायला लावला आणि एक करपलेला साखरेचा तुकडा. "कडू वेगळं, करपट वेगळं. कडू कॉफीचा स्वभाव आहे. करपट आपली चूक आहे. या दोघांत गोंधळ करायचा नाही." पाक जमला असेल तर म्हणायचा शब्द ठरलेला होता, "बरोबर." बाकी कौतुक नको. मी "बरोबर" म्हणाले की काकीसा पातेल्यावर झाकण ठेवायच्या, आणि त्या झाकणाच्या आवाजाने माझा सबंध दिवस चांगला जायचा. माझ्या एका शब्दावर कोणी झाकण ठेवतं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या वर्षी थंडीत काकीसांना ताप आला. आठवडाभर अंथरुणात होत्या. उठल्या तेव्हा बारीक झालेल्या, पण पळीचे ठोके तसेच. मला मात्र काही काही दिसू लागलं. दूध उतू जाऊन शेगडीवर जळत होतं आणि त्या शेजारीच गहू निवडत बसल्या होत्या. देवघरात उदबत्तीने फडक्याची कड धुमसत होती, मी वरून वास घेऊन धावत आले, तर त्या तिथेच माळ ओढत होत्या. फडकं विझवून मी म्हणाले, "काही नाही." त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांचं नाक गेलं होतं. हे मला माहीत होतं. त्यांना माहीत होतं का, हे मला माहीत नव्हतं.

माघात निर्मलाबाईंच्या मुलीचा साखरपुडा ठरला. "काकीसा, मन्ही पोरगीना साखरपुडा शे, काळा पाक पाहिजेच," एवढा हक्क त्यांचाच होता. त्या दिवशी सकाळी काकीसांनी मोठं पातेलं चढवलं. तापातून उठून पहिल्यांदाच. मी शेजारी उभी होते. साखर बडबडली, कुजबुजली, गप्प झाली. काकीसांनी मान कलती केली, वास घ्यायला थांबल्या. खमंग वास आला. त्या थांबल्याच होत्या. मग तो वास बदलला, नाकाला टोचायला लागला, आणि मी उभी होते, काढ्याचं भांडं माझ्या हाताशी होतं, आणि मी बोलले नाही. मग त्यांनी आपल्या अंदाजाने धार ओतली.

चमचा माझ्या हातावर आला. मी चाखलं. करपट होतं. थोडंसंच, मागून येणारं, पण होतं.

"बोल."

त्या अजून ओट्याचा आधार घेऊन उभ्या होत्या. निर्मलाबाई दारात किटल्या घेऊन उभ्या, बाहेर रिक्षा घरघरत होती. एवढी साखर, एवढी साय.

"छान आहे," मी म्हणाले.

"छान की बरोबर?"

"बरोबर."

काकीसांनी झाकण ठेवलं.

संध्याकाळी ऊन असतानाच वाट्या परत आल्या. काकीसांनी त्या ओसरीत मांडल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघत होते. पहिल्या वाटीत आइस्क्रीम वितळून पाकासकट तसंच. दुसरीत तसंच. तिसरीत वरवर खाऊन सोडलेलं. त्या ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या, मग पुन्हा पहिल्यापासून. कोणी तक्रार केली नव्हती, करणारही नव्हतं. साखरपुड्यात सगळ्यांनी छान म्हटलं असेल.

त्यांनी मान वर केली तेव्हा मी पायरीवरून उठायला हवं होतं, ते जमलं नाही.

"तू बरोबर म्हणाली होतीस," काकीसा म्हणाल्या. रागाने नाही. लॅबमध्ये आम्ही रिपोर्ट वाचून दाखवतो, तशा आवाजात. मग वाट्या विसळायला घेतल्या.

त्यानंतर पळीचे दोन ठोके पडायचे, पाणी आलं की. एक ठोका कधी पडला नाही. मी कामावर जायचे, यायचे. जिना उतरताना स्वयंपाकघराच्या दारापाशी पावलं हळू करायचे, कोणी हाक मारेल म्हणून. निर्मलाबाई एकदा जिन्यातच भेटल्या. "काकीसानी पाक करनं सोडी दिनं," म्हणाल्या. "दोन महिना व्हई गयात. तुले काही बोलन्यात का वं बाई?" मी मान हलवली, नाही अशी. मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या लबाडीचं मी मनातल्या मनात इंग्रजीत बरंच समर्थन केलं. त्या भाषेत असल्या गोष्टींना सोयीचे शब्द आहेत. मी त्यांना दुखावू इच्छित नव्हते, वगैरे. पण वीस वर्षं कपाकडे पाठ फिरवून राहिलेली बाई, जिने स्वतःच्या भावाशीही खोटं बोलायचं टाळलं, तिच्यासमोर ते शब्द फार पातळ वाटत होते. चिकोरी घातलेले.

एप्रिलात भाऊ येणार असल्याचा फोन आला. गुजरातेत यात्रेला आले होते, परतीला एक दिवस खापरला थांबणार. ऐंशीच्या पुढचे. आता पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, हे ते स्वतःच म्हणाले होते. काकासा गेले तेव्हा आले होते, ते दुःखाला आले होते. बहिणीच्या हातचं काही गोड त्यांनी खापरमध्ये कधी खाल्लंच नव्हतं. आणि फोनवर हसत म्हणाले होते, "इतकी वर्षं कॉफी पाठवतोय, एकदा मला बघू दे तू तिचं काय करतेस." हे निर्मलाबाईंनी मला सांगितलं.

ते आले त्या सकाळी काकीसांनी उपवास धरला. दिवसभर फक्त उकळलेलं पाणी. म्हणजे भावासोबत कॉफी न पिण्याचं कारणही खरं झालं. निर्मलाबाई साय आणि बर्फ घेऊन आल्या आणि ओसरीत संचा फिरवायला बसल्या. पुढच्या खोलीत भाऊसाहेब लोडाला टेकून बसले होते, पांढऱ्या धोतरात, पायावर ऊन घेत. मी रजा काढली होती. का काढली ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. जिन्यात बसले होते, बाराव्या पायरीवर, जिथून स्वयंपाकघर ऐकू येतं पण दिसत नाही.

साखर तडतडली. कुजबुजली. गप्प झाली. मग वास जिन्यात आला, मोहाच्या फुलांसारख्या रंगाचा तो खमंग वास, आणि मी मनात म्हणाले, आता. खाली काही झालं नाही. मी आणखी एकदा म्हणाले, आता, काकीसा. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग वास टोचायला लागला. मग पातेलं गर्जलं.

ठोका पडला नाही. मी उठले आणि उतरले.

स्वयंपाकघरात वाफ अजून खाली बसत होती. काकीसा पाक पळीने वर उचलून खाली सोडत होत्या, धार बघत. धार सुरेख होती, चकाकणारी, अखंड. दिसायला त्याच्यात काही कमी नव्हतं. ओट्यावर एकच वाटी मांडून ठेवली होती. मला बघून त्या थांबल्या. चमचा पुढे केला नाही. मी स्वतःच फळीवरचा चमचा घेतला, पातेल्यात बुडवला, फुंकर घातली आणि चाखला. माझे हात थरथरत होते. काकीसा माझ्या हातांकडेच बघत होत्या.

ओसरीत संच्याची घरघर बंद झाली. निर्मलाबाई मान वळवून बघत होत्या.

"बण ग्यो के, बाई?" पुढच्या खोलीतून भाऊसाहेबांनी विचारलं. झालं का गं, असं. म्हाताऱ्या माणसाचा खुशीतला आवाज.

ते वाटी संपवणार नाहीत. दोन घास घेतील, छान म्हणतील, उद्या सकाळी निघून जातील, आणि काकीसा ती एक वाटी ओसरीत ठेवून बघत बसतील. हे सगळं मला स्वच्छ दिसलं. काकीसांनी वाटी उचलली. दारापर्यंत आवाज जाईल अशा बेताने त्या म्हणणार होत्या, हो, आणते. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं.

"करपट आहे, काकीसा," मी म्हणाले. माझा आवाज पुढच्या खोलीपर्यंत गेला, लोडापाशी चाललेली हालचाल थांबली, तरी मी थांबले नाही. "त्या दिवशीचाही करपट होता. मला कळलं होतं, तरी मी बरोबर म्हणाले. हा ओतून द्या. त्यांना सांगा, अर्धा तास लागेल. पुन्हा साखर घालू. वास मी घेते, तुम्ही आवाज ऐका."